पाऊण टाकीचा नियम पाळता, मग पिवळ्या नोझलचाही पाळा
सिंगापूरहून जोहोरला गाडी घेऊन येणाऱ्या मराठी मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

यातला मजकूर थोडक्यात मी आपल्या व्हॉट्सॲप गटावर आधीच टाकला होता. त्यावर दोन हसरे चेहरे आले, मग "काका, वीकेंडला कशाला डोक्याला ताप" असे एक उत्तर आले, आणि रात्री ॲडमिननी 'वादाचे विषय नकोत' म्हणून तो काढून टाकला. ज्या यादीबद्दल मी लिहिले होते ती यादी मात्र गटावर जिथल्या तिथे आहे. 'जेबी जुगाड' असे तिचे नाव. जेबी म्हणजे जोहोर बाहरू, सिंगापूरला लागून असलेले मलेशियातले शहर. जोहोर बाहरूतल्या कोणत्या पंपावर सिंगापूरच्या गाडीत ९५ (साधे पेट्रोल, जे परदेशी गाडीला बंद आहे) भरताना कुणी हटकत नाही, कोणत्या वेळी काउंटरवरचा माणूस बाहेर बघत नाही, गाडी कोणत्या बाजूला लावली की नंबरप्लेट कॅमेऱ्यात येत नाही, हे सगळे तिच्यात व्यवस्थित लिहिले आहे. कुणी नवा सदस्य आला की ती त्याला कौतुकाने पाठवली जाते. आपसात सांगून काही होत नाही म्हटल्यावर हे पत्र चारचौघांत लिहावे लागते आहे. गटाचे नाव मी लिहिणार नाही. कुणा माणसाचेही नाही.

मी कोण, तेही सांगतो. मी मूळचा सावंतवाडीकडचा, आता जोहोर बाहरूत राहतो. नोकरी इथल्याच एका कारखान्यात. माझ्या गाडीची नंबरप्लेट 'जे'पासून सुरू होते, म्हणजे जोहोरची. पण मी मलेशियाचा नागरिक नाही. त्यामुळे या पेट्रोलच्या व्यवहारात मी मधल्या पायरीवर उभा आहे, आणि वरच्या व खालच्या दोन्ही पायऱ्यांवर काय चालते ते रोज दिसते.

भारतातल्या वाचकांसाठी नियम आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे कळेल. मलेशियात आरओएन ९५ या साध्या पेट्रोलचा भाव सरकार ठरवते. १९८३पासून तशी पद्धतच आहे: बाजारभाव आणि पंपावरचा भाव यांत जो फरक पडेल तो सरकार तेल कंपन्यांना भरून देते. २०२१च्या सुरुवातीपासून हा भाव लिटरला २.०५ रिंगिटवर बांधलेला होता. ३० सप्टेंबर २०२५पासून 'बुडी ९५' नावाची योजना आली. आता मलेशियन नागरिकाने आपले ओळखपत्र, म्हणजे मायकार्ड, पंपावरच्या यंत्रात घातले की त्याला महिन्याच्या ठरावीक मर्यादेपर्यंत (योजना सुरू झाली तेव्हा ३०० लिटर) १.९९ रिंगिटने पेट्रोल मिळते. रुपयांत तेव्हा बेचाळीसच्या आसपास. मुंबईत शंभरी कधीच ओलांडलेल्या माणसाला हे ऐकून चक्कर यावी. जो नागरिक नाही पण ज्याची गाडी मलेशियात नोंदलेली आहे, त्याला विनासबसिडीचा भाव. योजना सुरू झाली तेव्हा तो २.६० होता. ही माझी पायरी. आणि परदेशात नोंदलेल्या गाडीला ९५ द्यायचेच नाही, कोणत्याही भावाने नाही. तिच्यासाठी ९७, म्हणजे वरच्या दर्जाचे पेट्रोल, जे खुल्या बाजाराच्या भावाने मिळते. ही बंदी ऑगस्ट २०१०पासून आहे. आपल्यापैकी बरेच जण सिंगापूरला आले त्याच्या आधीपासून. तेव्हा 'आम्हाला माहीत नव्हते' हे कुणी म्हणू नये. शिवाय पंपापंपावर तसे लिहिलेले असते, आणि ९५चे नोझल पिवळे असते ते वेगळेच.

बंदी गाडीला आहे, माणसाच्या जातीधर्माला किंवा देशाला नाही, हेही लक्षात घ्या. मलेशियन माणूस सिंगापूरला नोकरी करतो, तिथली गाडी चालवत शनिवारी आईवडिलांकडे येतो. त्यालाही त्या गाडीत ९५ भरता येत नाही. म्हणजे 'आपण भारतीय म्हणून आपल्याला अडवतात' हा गटावरचा लाडका मुद्दा इथेच निकालात निघतो.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी तक्रार सिंगापूरच्या हद्दीतल्या वुडलँड्सच्या नाक्यापासून सुरू होते. सिंगापूरचा स्वतःचा एक नियम आहे: सिंगापूरची गाडी मलेशियात जाताना तिची टाकी किमान पाऊण भरलेली हवी. आधी १९८९मध्ये अर्ध्या टाकीचा नियम होता, १९९१मध्ये तो पाऊण टाकीचा झाला. कारण उघड आहे. लोक रिकाम्या टाक्या घेऊन पलीकडे जात आणि भरून आणत, त्यात सिंगापूरचा पेट्रोलवरचा कर बुडे. पकडले तर पाचशे सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, आणि गाडी परत फिरवावी लागते ते वेगळेच. आता मला सांगा, आपल्यापैकी कितीजण हा नियम मोडतात? जवळजवळ कुणीच नाही. आदल्या रात्री आठवणीने टाकी भरून ठेवतात. नाक्यावर अधिकाऱ्याने काट्याकडे पाहिले तर काच खाली करून हसून दाखवतात. 'सिंगापूरची शिस्त' म्हणून पुण्याच्या नातेवाइकांना तेच सांगतात.

आणि कॉजवेचा, म्हणजे दोन देशांना जोडणाऱ्या रस्त्याचा, तो एक किलोमीटर ओलांडला की तोच माणूस दुसरा होतो. एका देशाने आपला कर वाचवायला केलेला नियम तुम्ही इमानेइतबारे पाळता. दुसऱ्या देशाने आपली सबसिडी वाचवायला केलेला नियम मात्र तुम्हाला गंमत वाटतो. दोन्ही नियम एकाच टाकीबद्दल आहेत! फरक एवढाच की सिंगापूरला दंडाची भीती आहे आणि मलेशियात ती कमी आहे. मग ही शिस्त कशाची? आणि भीतीपलीकडेही मला त्यात काही दिसते, ते बोलूनच टाकतो: मलेशियाला आपण मनातल्या मनात हलका देश समजतो. स्वस्त जेवण, स्वस्त मसाज, स्वस्त पेट्रोल, आणि नियम म्हणजे 'चलता है'. मी इथे राहतो, म्हणून हा सूर मला फार लवकर ऐकू येतो.

दुसरी तक्रार पैशांच्या हिशेबाची. आपल्यात हिशेबनीस कमी नाहीत, तरी हा हिशेब कुणी मांडलेला नाही म्हणून मी मांडतो. २०२५च्या अखेरीस जेबीत ९७चा भाव सव्वातीन रिंगिटच्या आसपास होता. सिंगापूरला कार्डाच्या सगळ्या सवलती धरूनही लिटरला अडीच डॉलरच्या पुढेमागे जात होते, आणि सिंगापूरच्या एका डॉलरला सव्वातीन रिंगिटच्या आसपास मिळत होते. क्वालालंपूर किंवा मलाक्का करून परत येताना समजा चाळीस लिटर भरले. सिंगापूरला त्याचे शंभर डॉलर. जेबीत ९७ने चाळीस डॉलर. म्हणजे पूर्ण कायदेशीर मार्गाने, मान ताठ ठेवून, तुमचे साठ डॉलर वाचले. आता पिवळे नोझल उचलले तर? मायकार्डाशिवाय विनासबसिडीचाच भाव, योजना सुरू झाली तेव्हाचा २.६० धरू. तेव्हा वाचले अडुसष्ट. वरचे आठ डॉलर. एका थाळीचे पैसे. त्यासाठी नंबरप्लेटच्या शेवटच्या अक्षरावर काळी चिकटपट्टी लावायची (सिंगापूरसारख्याच मलेशियातल्या साबा राज्याच्या गाड्याही 'एस'वरूनच सुरू होतात, हे ज्ञान आपल्या यादीत ठळक अक्षरांत आहे), बायकोला पंपाच्या खांबाआड उभे करून पहारा ठेवायचा, आणि मागच्या सीटवर बसलेल्या मुलांनी हे सगळे बघायचे.

ज्या गाडीसाठी हे करायचे तिची किंमतही बघा. सिंगापूरला गाडी घेण्याआधी नुसता परवाना लिलावात घ्यावा लागतो. ऑक्टोबर २०२३मध्ये मोठ्या गाडीच्या त्या परवान्याचा भाव दीड लाख डॉलरला पोचला होता, छोट्या गाडीचा एक लाख सहा हजारांना. गाडीची किंमत वेगळी. एवढी ऐपत असलेला माणूस आठ डॉलरसाठी चिकटपट्टी फाडतो आहे, हे मला गरिबीचे लक्षण वाटत नाही. भाड्याच्या गाडीने येणाऱ्यांची बाब थोडी निराळी, पण नियम तोच.

यावर गटावरच्या एका हुशार मित्राचे म्हणणे असे की २.६०मध्ये सबसिडीच नाही, मग आम्ही कुणाचे काय घेतो? प्रश्न चांगला आहे. उत्तर असे की सरकारने तरीही परदेशी गाड्यांना ९५ बंदच ठेवले आहे, आणि त्याला व्यवहाराचे कारण आहे. पिवळ्या नोझलजवळ सिंगापूरची गाडी उभी राहणे एकदा कायदेशीर ठरले की ती १.९९ने भरते आहे की २.६०ने, हे कोण बघत बसणार? तिथेच दुसरा जुगाड सुरू होतो. ऑफिसातला मलेशियन सहकारी बरोबर असतो, तो आपले मायकार्ड घालतो, आणि त्याच्या महिन्याच्या वाट्यातले चाळीस लिटर तुमच्या टाकीत जातात. ज्यांना हे घडत नाही असे वाटते त्यांनी यादीचा शेवटचा परिच्छेद वाचावा. तो भाग लिहिणाऱ्याला मी एवढेच म्हणेन की तुमचा मित्र ओळखीपायी नाही म्हणू शकत नाही, त्याच्या भिडेचा असा वापर करू नये.

तिसरी तक्रार पंपावरच्या माणसाची आहे, आणि ती मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तिच्याबद्दल गटावर कधी एक अक्षर आलेले नाही.

मलेशियात पेट्रोल आपणच भरायचे असते. आधी काउंटरवर पैसे द्यायचे किंवा यंत्रात कार्ड घालायचे, मग नोझल उचलायचे. काउंटरवर बहुधा एकच मुलगा किंवा मुलगी. तीच व्यक्ती बिस्किटे विकते, टॉयलेटची किल्ली देते, हवेच्या यंत्राची तक्रार ऐकते, आणि आठ-दहा पंपांवर कोणती गाडी कोणत्या देशाची आहे तेही तिनेच बघायचे. परदेशी गाडीला ९५ विकणे हा १९६१च्या पुरवठा नियंत्रण कायद्याखाली गुन्हा आहे. व्यक्तीला दहा लाख रिंगिटपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, कंपनीला वीस लाखांपर्यंत दंड. आणि २०२५पर्यंत तरी या कायद्याचा बडगा मुख्यतः पंपवाल्यावरच पडत आला. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढतो, तो समाजमाध्यमांवर फिरतो, दुसऱ्या दिवशी मंत्रालयाची माणसे येऊन त्या पंपाचे कॅमेरे तपासतात. सिंगापूरची गाडी तोवर आपल्या पार्किंगमध्ये धुऊन पुसून उभी असते. उत्तर द्यायला उरतो पंपाचा मालक, आणि मालक जाब विचारतो तो काउंटरवरच्याला.

माझ्या घराजवळच्या पंपावर मी एकदा रांगेत होतो. शेजारच्या रांगेत सिंगापूरची गाडी, आत आपलीच मंडळी. मराठी कानावर पडले म्हणून मी वळलो. काउंटरवरची मुलगी बाहेर येऊन अगदी हळू, हात जोडल्यासारखे करून सांगत होती की सर, हे नको, ते हिरवे घ्या. आपल्या गृहस्थांनी तिला आधी मलेशियन लोकांच्या आळशीपणावर चार शब्द ऐकवले, मग 'तुझ्या मॅनेजरला बोलव' म्हणाले. मॅनेजर आला. त्यानेही तेच सांगितले. तेव्हा गृहस्थ "इतकी वर्षे येतो, इतका पैसा खर्च करतो" असे पुटपुटत निघून गेले. मग ती मुलगी माझ्याकडे वळली. माझा चेहरा, माझे कपडे, सगळे त्या गाडीतल्यांसारखेच. तिने माझ्या गाडीच्या पुढे जाऊन नंबरप्लेट वाचली, मागे जाऊन पुन्हा वाचली, मग मान हलवली. तिचे काही चुकले नाही. पण हे आता वरचेवर होते, आणि याचे श्रेय तुमच्या यादीला आहे. 'काका, तुमचा यात काय संबंध' असे विचारत होतात ना, हा तो संबंध. तुम्ही रविवारी संध्याकाळी परत जाता. सोमवारी सकाळी त्याच पंपावर आम्ही असतो.

चौथी गोष्ट सबसिडीच्या एकूण ओझ्याची. इथे मी आकडे कमीच देतो, पण डिझेलचे द्यायलाच हवेत, कारण पेट्रोलचे पुढे काय होऊ शकते ते त्यात दिसते. २०१९मध्ये मलेशियाचा डिझेल सबसिडीवरचा खर्च १.४ अब्ज रिंगिट होता. २०२३मध्ये तो १४.३ अब्ज झाला. दहापट. त्याच काळात डिझेल गाड्यांची संख्या वाढली तीन टक्क्यांच्या आसपास. मग बाकीचे डिझेल गेले कुठे? काही कारखान्यांत, काही समुद्रात बोटींवर, काही सीमेपलीकडे. उत्तरेला थायलंडच्या सीमेवर टाक्या वाढवलेल्या गाड्यांचा धंदा जुनाच आहे. परदेशी गाड्यांना सीमेजवळ मोजकेच डिझेल, असाही नियम करून झाला. गळती थांबली नाही. शेवटी १० जून २०२४ला मलेशियाच्या द्वीपकल्पातली सरसकट सबसिडी काढली आणि डिझेल एका रात्रीत २.१५वरून ३.३५ रिंगिटवर गेले. ठरावीक गटांना मदत मिळाली, पण दरम्यान भाजीवाल्यापासून शाळेच्या बसपर्यंत सगळ्यांचे हिशेब बदलले. आमच्या चाळीसारख्या लांबट इमारतीत खाली एक बाई नाश्त्याची गाडी लावतात. त्यांच्याकडे माल आणणाऱ्या व्हॅनचे भाडे वाढले, नाश्ता महागला. त्यांना कुणी सांगितले नाही की हे कुणाच्या टाकीमुळे झाले.

तुमच्या चाळीस लिटरने देश बुडत नाही, हे मला माहीत आहे. ट्रकवाल्यांच्या तस्करीपुढे आपल्या शनिवारच्या फेऱ्या म्हणजे किरकोळ. पण प्रत्येक गळती अशीच 'माझ्या एकट्याने काय होते' म्हणत वाढते, आणि ती वाढली की सरकार पहिला हात आपल्या नागरिकांच्या सवलतीलाच घालते. पेट्रोलसाठी ओळखपत्र आणि महिन्याची मर्यादा आली ती याच वाटेने. आज इथला साधा माणूस स्वतःच्या देशात पेट्रोल भरताना कार्ड घालतो, पावतीवर किती लिटर उरले ते बघतो. त्याने हे निमूट मान्य केले आहे. मग पाहुण्याने जुगाड सांगावा?

गटावर येणाऱ्या बाकीच्या युक्तिवादांनाही उत्तर देऊन टाकतो. 'आम्ही आत येताना वीस रिंगिट रोड चार्ज भरतो, आता व्हीईपीचा (परदेशी गाडीच्या प्रवेश परवान्याचा) टॅगही लावला.' बरोबर. ते रस्ता वापरण्याचे आणि गाडीच्या नोंदीचे आहे. पेट्रोलची सवलत त्यात धरलेली नाही. सिंगापूरही मलेशियन गाड्यांकडून दिवसाचे पैसे घेते, म्हणून तिथे त्यांना कुणी स्वस्त पेट्रोल देत नाही. 'जेबी आमच्या खरेदीवर चालते.' काही अंशी खरे आहे. तुम्ही इथे जेवता, काचेच्या मंदिरात जाता, लेगोलँडला मुले नेता, महिन्याचा किराणा भरता, त्यावर कितीतरी दुकाने चालतात आणि लोक तुमचे स्वागतही करतात. पण दुकानात हजाराची खरेदी केली म्हणून बाहेर पडताना कुणी दुकानदाराच्या गल्ल्यात हात घालत नाही. 'मलेशियन लोकच आपापसांत सबसिडी विकतात.' विकत असतील. त्यांचे त्यांना बघू द्या.

आणि एक मुद्दा माझ्या गावाकडचा. सावंतवाडीच्या एका मित्राने विचारले, "अरे, आपण नाही का पत्रादेवीला जाऊन गोव्याचे पेट्रोल भरत होतो?" भरत होतो. २०१२मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला. भाव अकरा रुपयांनी उतरला आणि बांद्यापासून कारवारपर्यंतच्या गाड्या गोव्याच्या पंपांवर लागल्या. पण तो एकच देश होता, गोव्याने कुणाला मज्जाव केला नव्हता, आणि गोव्याला त्या विक्रीचे वावडेही नव्हते. इथे यजमानाने दारावर स्पष्ट पाटी लावली आहे. याहून जवळचे उदाहरण हंगेरीचे. तिथे नोव्हेंबर २०२१मध्ये पेट्रोलला ४८० फोरिंटची कमाल मर्यादा घातली, शेजारच्या देशांच्या गाड्या लोटल्या, आणि मे २०२२मध्ये परदेशी नंबरप्लेटवाल्यांना बाजारभाव लावावा लागला. युरोपीय आयोगाने त्याला भेदभाव म्हटले, कारवाईही सुरू केली. युरोपीय संघात ते म्हणायला जागा होती. मलेशिया आणि सिंगापूर यांच्यात असा कोणताही करार नाही की एकाच्या नागरिकाची सवलत दुसऱ्याच्या गाडीला द्यावी. हंगेरीची मर्यादा तर त्याच डिसेंबरात टंचाईमुळे गुंडाळावी लागली.

मला स्वतःला विनासबसिडीच्या भावाचा नियम आवडतो का? नाही आवडत. मी इथे कर भरतो, माझ्या पगारातून दर महिन्याला तो कापला जातो, तरी १.९९ मला नाही. कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांचीही हीच कुरकुर ऐकतो. त्याबद्दल लिहायचे असेल तेव्हा मी मलेशियन अधिकाऱ्यांना लिहीन, पंपावर लपवाछपवी करणार नाही. नियम अन्यायाचा वाटला तर तो बदलून घ्यायची वाट असते. तुमच्या बाबतीत तर अन्यायही दिसत नाही. तुम्ही इथे आयकर भरत नाही, गाडीची नोंदणी इथे नाही, वर्षाचा रोडटॅक्स इथे नाही.

आता मागण्या. त्या मोठ्या नाहीत, आणि त्यांतली एकही पैशांची नाही.

ॲडमिन मंडळींनी ती यादी आजच काढावी. नुसती काढून थांबू नये. जिथे ती होती तिथे नियम चार ओळींत लावून ठेवावा: परदेशी नंबरप्लेटला ९५ नाही, ९७ घ्या, सिंगापूरहून निघताना पाऊण टाकी. एवढेच पुरे. ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांनी ज्या-ज्या गटांत पाठवली तिथे हाच मजकूर टाकावा.

दिवाळी, चिनी नववर्ष आणि शाळेच्या सुट्ट्यांत जे एकत्र गाड्या काढून मलाक्का-क्वालालंपूरला जातात, त्यांच्यातल्या संयोजकाने निघण्याच्या सूचनांत पासपोर्ट, व्हीईपी आणि टोलच्या टच-एन-गो कार्डाबरोबर पेट्रोलचाही उल्लेख करावा. मराठी मंडळे नव्याने आलेल्या कुटुंबांना घर, शाळा, बँक यांची माहिती देतात. गाडी घेऊन कॉजवे ओलांडण्याची माहिती देताना त्यात हे यायला हवे. नवा माणूस जे पहिल्यांदा ऐकतो तेच धरून चालतो. आज तो 'जेबी जुगाड' ऐकतो आहे.

नंबरप्लेटवर काहीही चिकटवू नका. हे पेट्रोलच्या पलीकडचे आहे, ती ओळख लपवणे आहे, आणि त्यात पकडले गेलात तर नियम माहीत नव्हता हे सांगायचीही सोय उरत नाही. गाडी एका बाजूने उचलून हलवत आणखी दोन लिटर कोंबण्याचे जे व्हिडिओ फिरतात ते करणारे आपले नाहीत असे मी अजून मानतो. तसेच राहू द्या.

मलेशियन मित्राकडे मायकार्ड मागू नका. त्याने आपणहून पुढे केले तरी नको म्हणा.

पंपावर कुणी हटकले तर वाद घालू नका, चित्रीकरण करू नका, मॅनेजरला बोलावू नका. माफ करा म्हणा आणि ९७चे नोझल घ्या, किंवा घ्यायचे नसेल तर निघा. ज्यांनी याआधी कुणा काउंटरवरच्या माणसाला बोल लावले असतील त्यांनी पुन्हा त्याच पंपावर गेल्यावर निदान ओळख दाखवून नीट बोलावे. त्या मुलीने मला इतकेच सांगितले होते की तिची नोकरी गेली तर दुसरी मिळायला वेळ लागतो.

मलेशियन सरकारकडे माझी एक मागणी आहे, पण ती मराठीत लिहून उपयोग नाही म्हणून वेगळी पाठवतो आहे: दंड एकट्या पंपवाल्याकडून न घेता भरणाऱ्या चालकाकडूनही घ्या आणि तो सीमेवरच वसूल करा. व्हीईपीमुळे सिंगापूरहून येणाऱ्या गाड्यांची नोंद आता त्यांच्याकडे आहे, जुलै २०२५पासून व्हीईपी नसलेल्यांकडून तीनशे रिंगिट दंडही ते घेतात, तेव्हा हे अवघड नाही. तुम्हाला हे वाचून राग येईल. येऊ द्या. दंड चालकाला बसू लागला की ती यादी कुणी जपून ठेवणार नाही, आणि मला अशी पत्रे लिहावी लागणार नाहीत.

गट मी सध्या सोडला आहे. यादी निघाली की ॲडमिननी मला कळवावे. मी परत येतो. जेबीत चांगले पोहे, स्वच्छ पार्किंग आणि गर्दी नसलेली वेळ कुठे मिळते याची माझ्याकडेही एक यादी आहे. तीही पाठवीन.

आपला,
जोहोर बाहरूतला एक मराठी रहिवासी